गर्दी आधी हातात जमते

1 जुलै 2018. रविवार होता. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी गावात आठवडी बाजार भरला होता. मंगळवेढा भागातून आलेले, भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण त्या गावात आले. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला. कुणीतरी म्हणाले, ही मुले पळवणारी टोळी आहे. बघता बघता जमाव जमला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन इतके मारले की एकही वाचला नाही. त्यांनी कुणाचेही मूल पळवले नव्हते.

ही बातमी आली तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली, जमावाला दूषणे दिली आणि विषय संपवला. पण हा जमाव बाजाराच्या दिवशी अचानक तयार झाला नव्हता. त्याआधी कितीतरी दिवस त्या परिसरातल्या मोबाइलवर ‘मुले पळवणारे फिरत आहेत, सावध राहा’ असे मेसेज फिरत होते. ते पाठवणारे गुंड नव्हते. त्यांत आया होत्या, मामा होते, शिक्षक होते, दुकानदार होते. प्रत्येकाने आपापल्या जिवलगांच्या काळजीपोटी फक्त एक बटण दाबले होते. आम्हाला या लेखात त्या बटणाविषयी बोलायचे आहे. जमाव चौकात दिसतो, पण तो जमतो आपल्या हातात.

जे लगेच आठवते, ते सगळीकडे दिसते

माणसाचे मन हिशेब करून विचार करत नाही. ते सोपा रस्ता शोधते. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वेर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली एक गोष्ट दाखवून दिली. एखादी घटना किती वेळा घडते याचा अंदाज करताना आपण आकडे पाहत नाही, ती किती चटकन आठवते हे पाहतो. जे डोळ्यांपुढे लगेच उभे राहते, ते वारंवार घडत असणार असे आपल्याला वाटते. विमान कोसळल्याची बातमी पाहिली की विमानाची भीती वाटते. रोज रस्त्यावर होणारे अपघात मात्र अंगवळणी पडलेले असतात.

आता त्या दिवसांत फिरणारा एक व्हिडिओ आठवा. रस्त्यावर मुले खेळत आहेत, मोटारसायकलवर दोघे येतात आणि एका मुलाला उचलून पळून जातात. कोणत्या आईच्या काळजात धस्स होणार नाही? प्रत्यक्षात हा व्हिडिओ पाकिस्तानातील कराचीत तयार झालेली एक जनजागृती फिल्म होती. मुलांवर लक्ष ठेवा, हे पालकांना सांगण्यासाठी ती बनवली होती. मूळ फिल्मच्या शेवटी ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला आणि उरलेला भाग भारतभर फिरला.

एकदा ते दृश्य मनात बसले की गल्लीत दिसणारा प्रत्येक अनोळखी माणूस त्या मोटारसायकलवाल्यासारखा दिसू लागतो. पूर्वी ज्याला आपण ‘बाबा, पुढच्या घरी जा’ म्हणत होतो, त्याच भिक्षेकऱ्याच्या झोळीत आता आपल्याला मूल दिसते. माणूस तोच आहे, बदलली आहे ती आपली नजर.

दहा वेळा ऐकलेले खरे वाटते

1977 साली अमेरिकेत तीन संशोधकांनी विद्यार्थ्यांना साठ विधाने वाचून दाखवली आणि ती कितपत खरी वाटतात ते विचारले. काही खरी होती, काही खोटी. दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने असे तीनदा केले. त्यांतली काही विधाने दर वेळी पुन्हा येत होती. दिसून आले असे की पुन्हा पुन्हा कानांवर आलेली विधाने विद्यार्थ्यांना अधिकाधिक खरी वाटू लागली; ती खरोखर खरी होती की खोटी, याने फरक पडला नाही.

व्हॉट्सॲपवर नेमके हेच घडते. सकाळी मेसेज खानदानाच्या ग्रुपवर येतो, दुपारी मोहल्ल्याच्या, संध्याकाळी शाळेच्या पालकांच्या. मूळ मेसेज एकच असतो. पण आपल्याला वाटते, ‘तीन ठिकाणांहून आले म्हणजे काहीतरी असणारच.’ प्रत्यक्षात तीन साक्षीदार नसतात. एकाच अफवेने तीन दरवाजे ठोठावलेले असतात. ‘आग असल्याशिवाय धूर निघत नाही’ ही म्हण चुलीपुरती ठीक आहे. मोबाइलमध्ये धूर आगीशिवायही निघतो.

आपण ‘हो’ शोधतो, ‘नाही’ शोधत नाही

वाचकांनी घरातल्या मुलांबरोबर एक खेळ खेळून पाहावा. 2, 4, 6 असे तीन आकडे सांगा. हे आकडे एका नियमाने निवडले आहेत, तो नियम ओळखायचा. मुलांनी स्वतःचे तीन-तीन आकडे सांगायचे आणि ते नियमात बसतात की नाही एवढेच तुम्ही सांगायचे. बहुतेक जण 8, 10, 12 म्हणतील. तुम्ही ‘बसतात’ म्हणाल. मग 20, 22, 24. तेही बसतात. मग ते छातीठोकपणे सांगतील, ‘दोन-दोनने वाढणारे आकडे!’ आणि ते चुकतील. नियम फक्त एवढाच आहे की प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा असावा. 1, 7, 90 हेही चालले असते.

पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1960 साली हा प्रयोग 29 विद्यार्थ्यांवर केला. त्यांपैकी फक्त सहा जणांनी आधी चुकीचा नियम न सांगता बरोबर उत्तर दिले. बाकीच्यांचे चुकले ते बुद्धी कमी होती म्हणून नव्हे. आपला अंदाज खोटा ठरवणारा प्रश्न विचारण्याआधीच त्यांनी उत्तर ठरवून टाकले होते.

अफवेच्या वेळी हीच खोड जीवघेणी ठरते. संशयित घाबरला, तर ‘बघा, चोराच्या मनात चांदणे.’ शांत राहिला, तर ‘बघा किती निर्ढावलेला आहे.’ ओळखपत्र दाखवले, तर ‘खोटे असेल.’ पोलिसांनी ‘असे काही नाही’ म्हटले, तर ‘पोलीस दडपत आहेत.’ राईनपाड्याच्या घटनेच्या काही दिवस आधी त्रिपुरात याची परिसीमा झाली. मुले पळवण्याच्या अफवा खोट्या आहेत, हे ध्वनिक्षेपकावरून गावोगाव सांगण्यासाठी सरकारी खात्याने नेमलेल्या माणसालाच जमावाने मुले पळवणारा समजून ठार केले. अफवा खोडून काढायला आलेला माणूसच लोकांना अफवेचा पुरावा वाटला.

एका हाताची चूक, लाखांचा जमाव

इथपर्यंतच्या खोडी माणसाला फार पूर्वीपासून आहेत. वाड्यात, विहिरीवर, हमामात, चहाच्या टपरीवर अफवा फिरतच होत्या. मग आताच असे काय झाले?

थोडा हिशेब करू. एकाने एक मेसेज पाच जणांना पाठवला, त्या प्रत्येकाने आणखी पाच जणांना, असे आठ टप्प्यांपर्यंत चालले, तर आठव्या टप्प्यावर 3,90,625 मोबाइलवर तो मेसेज पोहोचतो. 2018 मध्ये व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये 256 माणसे असू शकत. म्हणजे पाच भरलेल्या ग्रुपांवर पाठवणारा एक माणूस एका क्षणात बाराशेहून अधिक लोकांशी बोलत होता. चहाच्या टपरीवर गप्पा मारणाऱ्याला एवढे श्रोते आयुष्यात मिळाले नसते.

त्यात खोट्याचे पाय खऱ्यापेक्षा वेगाने धावतात. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी 2006 ते 2017 या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे 1,26,000 बातम्यांचा माग काढला आणि निष्कर्ष 2018 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापले. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा 70 टक्क्यांनी जास्त होती. 1,500 लोकांपर्यंत पोहोचायला सत्याला असत्यापेक्षा सुमारे सहापट वेळ लागत होता. हे काम यंत्रे करत असतील अशी शंका घेऊन त्यांनी यांत्रिक खाती बाजूला काढून पाहिली. चित्र बदलले नाही. खोटे पसरवत होती ती हाडामांसाची माणसे. कारण खोट्यात नवल असते, भीती असते, किळस असते. सत्य बहुतेक वेळा साधे, कंटाळवाणे असते.

कंपन्यांचा धंदाही यावरच चालतो. ज्या पोस्टवर लोक थांबतात, चिडतात, उत्तर देतात, ती आणखी लोकांना दाखवली जाते. तुमचे चिडणे हाच त्यांच्या दुकानातला माल आहे. म्हणून एका माणसाच्या मनाची छोटी चूक तिथे छोटी राहत नाही.

परका चुकला की सगळेच तसले

आणखी एक खोड आहे आणि तिची झळ आपल्या समाजाने चांगलीच सोसली आहे. आपल्यातला कुणी चुकला, तर ‘तो एक माणूस तसा’, ‘परिस्थितीच तशी होती’ असे आपण म्हणतो. परक्यातला कुणी चुकला, तर ‘ती जातच तशी’ म्हणतो. थॉमस पेटिग्रू या समाजमानसशास्त्रज्ञाने 1979 मध्ये या प्रवृत्तीची नीट मांडणी केली.

2020 च्या एप्रिलचे दिवस वाचक विसरले नसतील. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमधील इज्तेमानंतर कोरोनाची साथ एका संपूर्ण समाजाच्या माथी मारली गेली. कुठले कुठले जुने व्हिडिओ ‘हे बघा, मुद्दाम रोग पसरवतात’ म्हणून फिरू लागले. त्यांत ताटे चाटून पुसणाऱ्या बोहरा बांधवांचा एक व्हिडिओ होता. अन्नाचा कणही वाया जाऊ नये म्हणून ताट स्वच्छ करण्याची त्यांची रीत आहे आणि तो व्हिडिओ साथीच्या कितीतरी आधीचा होता. पण पाहणाऱ्याच्या मनात भीती आधीच होती. त्याने जे पाहायचे ठरवले होते, तेच त्याला दिसले. त्यानंतर अनेक ठिकाणी भाजीवाल्याला आधी नाव विचारले गेले आणि मग भाजी घेतली किंवा नाकारली गेली. 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी जमाअती बांधवांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे मत नोंदवले. पण तोवर ते व्हिडिओ लाखो मोबाइलमधून फिरून आले होते. न्यायालयाचा निकाल कितीजणांनी फॉरवर्ड केला?

हा अन्याय होता, यात शंका नाही. पण आम्हाला इथेच थांबता येणार नाही. जी खोड दुसऱ्यात दिसली, ती आपल्या घरातही शोधली पाहिजे.

नोव्हेंबर 2018 मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोहीम सुरू झाली. तेव्हा आपल्या अनेक वस्त्यांत मेसेज फिरले की या लसीने मुलांना पुढे औलाद होणार नाही. केरळच्या मलप्पुरममध्ये आदल्या वर्षी अशाच मेसेजमुळे मोहीम रखडली होती. इथेही मनाची एक खोड कामाला येते. स्वतः केलेल्या गोष्टीने नुकसान झाले तर ते मोठे वाटते, न केल्याने झाले तर छोटे. लस दिली आणि ताप आला, तर ‘मीच दिली’ म्हणून आई रडते. लस न देता गोवर झाला, तर ‘नसीब’ म्हणते. 2022 च्या शेवटी मुंबईच्या गोवंडीत, भिवंडीत आणि मालेगावात गोवर पसरला आणि त्यात लहान मुलांचे जीव गेले. त्याची कारणे अनेक होती. कोरोनाच्या काळात डोस चुकले होते, दाट वस्ती होती, कुपोषण होते, दवाखाने अपुरे होते. पण लसीची भीती हेही त्यांतले एक कारण होते. त्या वेळी महापालिकेला इमाम आणि मौलानांना विनंती करावी लागली की तुम्ही लोकांना समजवा. भीतीचे मेसेज पाठवणाऱ्यांनाही मुलांचे वाईट व्हावे असे वाटत नव्हते. राईनपाड्याच्या आसपास मेसेज पाठवणाऱ्यांनाही वाटत नव्हते.

या मेसेजची सनद काय?

या बाबतीत आपल्या हाताशी एक जुनी आणि पक्की शिस्त आहे. सूरह हुजुरातमध्ये बातमी आणणारा भरवशाचा नसेल तर आधी शहानिशा करण्याचा आदेश आहे आणि त्याचे कारणही दिले आहे: नकळत एखाद्या गटाचे नुकसान होईल आणि मग पस्तावाल. सूरह नूरमध्ये हजरत आयशा (रजि.) यांच्यावर घेतल्या गेलेल्या खोट्या आळाचा प्रसंग येतो. ज्याचे ज्ञान नाही ते जिभेवरून जिभेवर फिरवत राहणे लोकांना किरकोळ वाटले. अल्लाहच्या दरबारी ती फार मोठी गोष्ट होती. ऐकलेले सगळे काही सांगत सुटणे माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, या अर्थाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे.

आपल्या मुहद्दिसांनी तर यातून एक शास्त्रच उभे केले. हदीस कितीही सुंदर वाटो, तिच्याबरोबर सनद हवी: अमक्याने अमक्याकडून ऐकले, त्याने अमक्याकडून. साखळीतला प्रत्येक जण कोण, त्याची स्मरणशक्ती कशी, तो खरोखर त्या दुसऱ्याला भेटला होता का, हे तपासले गेले. एक कडी कच्ची निघाली की रिवायत कमजोर. सांगणारा नेक आहे, एवढे पुरत नसे. नेक पण विसराळू माणसाची रिवायतही बाजूला ठेवली जाई.

आता आपला फॉरवर्ड घ्या. त्याच्यावर फक्त एक बाण असतो आणि ‘फॉरवर्डेड’ हा शब्द असतो. आपल्याला तो खालाजानकडून आला, म्हणून आपण विश्वास ठेवतो. खालाजानला तो तिच्या नणंदेकडून आला, म्हणून तिने विश्वास ठेवला. प्रत्येकाचा विश्वास आपल्या आधीच्या माणसावर आहे. मेसेज बनवणाऱ्याला कुणीच ओळखत नाही. विश्वास नात्यावर होता, तो आपण मेसेजवर चिकटवला. साखळी लांब आहे, पण तिची पहिली कडीच हवेत लटकते आहे.

एकाने ‘थांबा’ म्हटले तर

‘आपण एकट्याने थांबून काय होणार? सगळे पाठवतातच,’ असे बरेचजण म्हणतात. याचे उत्तर एका जुन्या प्रयोगात आहे. सॉलोमन ॲश याने 1951 मध्ये लोकांना गटात बसवून एका रेषेएवढ्या लांबीची दुसरी रेषा ओळखायला सांगितली. उत्तर लहान मुलालाही दिसेल इतके उघड होते. पण गटातले बाकीचे सगळे आधीच ठरवून चुकीचे उत्तर देत. तेव्हा खऱ्या उमेदवारांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी एकदा तरी डोळ्यांना दिसणारे सोडून गटाचे चुकीचे उत्तर दिले. पण गटात फक्त एक माणूस खरे बोलणारा ठेवला की चित्र पालटले आणि चुकीच्या ‘हो’ला ‘हो’ म्हणणारे फार कमी झाले. बाकीच्यांना धीर द्यायला तो एक आवाज पुरला.

व्हॉट्सॲपच्या अनुभवानेही हेच दाखवले. 2018 च्या जुलैत भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आली. एप्रिल 2020 मध्ये, आधीच पुष्कळ वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले गेले. असे मेसेज 70 टक्क्यांनी घटले, असे कंपनीने सांगितले. कुणाला समज दिली नव्हती, कुणाची मने बदलली नव्हती. हात फक्त थोडा अडखळला, एवढ्याने हा फरक पडला.

म्हणून आम्ही घरोघरी एवढेच सुचवतो. भीती वाटायला लावणारा किंवा चीड आणणारा मेसेज आला की तो रात्रभर ठेवावा. खरा असेल तर सकाळीही खराच असेल. ‘हे कुणी स्वतः पाहिले? कधी? कुठे?’ हे तीन प्रश्न विचारावेत. ज्या मेसेजमध्ये तारीख नाही, गाव नाही, सांगणाऱ्याचे नाव नाही, तो पुढे जाऊ नये. मुलांच्या सुरक्षेची शंका असेल तर ती ग्रुपवर न टाकता पोलीस ठाण्यात सांगावी.

घरातल्या बुजुर्गांनी चुकीचे काही पाठवले तर चारचौघांत त्यांचा पाणउतारा करू नये. अपमान झाला की माणूस त्याच मताला आणखी घट्ट धरतो. त्यांना एकट्याने फोन करावा. ‘चाचाजान, तो व्हिडिओ जुना निघाला, दुसऱ्याच देशातला आहे. तुम्हीच ग्रुपवर सांगितलेत तर सगळे ऐकतील.’ दुरुस्ती मात्र त्याच ग्रुपवर व्हावी, जिथे चूक गेली होती. ग्रुपचा ॲडमिन ही मानाची जागा नाही, जबाबदारीची आहे. मुलांना मोबाइल देताना हे 2-4-6चे कोडे जरूर घालावे. आपले बरोबर आहे असे वाटले की ‘कशाने मी चूक ठरेन?’ हा प्रश्न विचारायला ती शिकली, तर त्यांना पुढे बरेच काही आपोआप कळेल.

ज्या रविवारी राईनपाड्यात पाच माणसे मारली गेली, त्याच रात्री मालेगावच्या आझादनगर भागात दोन वर्षांच्या मुलासह पाच जण अशाच जमावाच्या तावडीत सापडले. शहर तेच मेसेज वाचत होते, जमावाचा संतापही तसाच होता. पण तिथे मोहल्ल्यातल्याच माणसाने त्यांना आपल्या घरात घेतले आणि दार लावले. पोलिसांनी येऊन त्यांना सुखरूप बाहेर काढले. ते पाचही जण वाचले.